काष्ठमौनाचे पुण्य

सुईण कोणत्या घरात आहे हे मला ठाऊक होते. विचारणारा माझ्या पायांशी हात टेकून बसला होता आणि मी सांगितले नाही. ही माझी चूक. पुढे तिच्यावर बरीच वेलबुट्टी चढली. ती माझ्या डोळ्यांदेखत चढली आणि मी चढू दिली, म्हणून आधी ती उघडी करून ठेवतो.

त्या वेळी मी चाळिशीला टेकलो होतो. कल्याणच्या बंदरावर तांदळाच्या एका वखारीत कारकून होतो. आगगाडी आल्यापासून पुष्कळ माल गाडीनेच मुंबईला जाई, तरी खाडीपलीकडच्या गावांचे भात अजून होड्यांनी आमच्या धक्क्याला लागत असे. पगार बेताचा, घर स्वतःचे, पत्नी शहाणी, दोन मुली आपापल्या घरी सुखात. देवाने कशाची उणीव ठेवली नव्हती, आणि म्हणूनच की काय, चारचौघांत आपण काही वेगळे दिसावे असे मला वाटू लागले. पैशाने वेगळे होणे शक्य नव्हते, विद्येने तर नव्हतेच. उरला धर्म. तो स्वस्त पडत होता.

मी श्रावणी सोमवारी मौन धरू लागलो. सूर्य उगवल्यापासून संध्याकाळी उपास सोडीपर्यंत बोलायचे नाही. त्या दिवशी वखार दुपारीच बंद होई, आणि सकाळपुरते मालक चालवून घेत. पण माझे मौन कसे होते ते माझ्या पत्नीला विचारावे. पाणी हवे असले की मी अंगठा ओठाला लावी. ते लवकर आले नाही की "हूं! हूं!" करी. पंचा जागेवर नसला की जमिनीवर पाय आपटी. एकदा न्हाणीच्या दाराची कडी निखळली होती. सुताराला निरोप धाड, एवढे सांगण्यासाठी मी अंगणात करवत चालवल्याचे, खिळे ठोकल्याचे असे नाना हातवारे केले. तिने भिंतीपलीकडे हाक मारली, "अहो वहिनी, या लवकर! आमच्याकडे दशावतारी उतरलेत, फुकट आहे!"

त्या संध्याकाळी शेजारचे एक पेन्शनर गृहस्थ उपास सोडायला आमच्याकडे पानावर होते. पत्नी वाढता वाढता म्हणाली, "तुम्ही बोललात तर परवडेल हो. एरवी एका तोंडाने बोलता, सोमवारी हातापायांनी बोलता."

पेन्शनर खो खो हसले. म्हणाले, "कारकून, खरे मौन म्हणजे काष्ठमौन. लाकडासारखे बसायचे. खूण नाही, हुंकार नाही, मान हलवायची नाही. ते काम आपल्यासारख्यांचे नव्हे."

'आपल्यासारख्यांचे' हे मला फार झोंबले. पुढच्या श्रावणात काष्ठमौन धरीन, असे मी जेवता जेवता जाहीर करून टाकले.

"माझा राग आला का?" पत्नीने नंतर विचारले.

"राग कसला? देवाचे काम आहे," मी म्हणालो. देव त्यात कुठेच नव्हता.

पुढच्या वर्षी श्रावण आला. आमच्या घरासमोरच खाडीच्या वाटेवर महादेवाचे देऊळ आहे. दुसऱ्या सोमवारी दुपारी मी त्याच्या ओवरीत माळ घेऊन डोळे मिटून बसलो. थोड्या वेळाने आमच्या आळीतली सुईण वाटेने आली आणि तिने अंगणातल्या माझ्या पत्नीला ओरडून सांगितले, "वैनी, तळ्यामागं मुसलमानांच्या आळीत चाललेय. न्हाऊ घालायचं हाय बाळंतिणीला. कोनी इचारलं तर सांगा, चिंचेसमोरचं घर." पत्नी 'बरं' म्हणाली, आणि मग स्वतःही सोमवारची कहाणी ऐकायला दुसऱ्या आळीत गेली. पेन्शनर आणि त्यांचे एक स्नेही त्यानंतर आले आणि पायरीवर पानसुपारीची चंची सोडून बसले. मी खरोखर लाकडासारखा बसतो की नाही, हे पाहायलाच ते आले असावेत.

तेवढ्यात पलीकडच्या गावचा एक आगरी शेतकरी धावत आला. गुडघ्यांपर्यंत चिखल, डोक्यावरचे इरले एका हातात. दरसाल आमच्याच वखारीत भात घालणारा माणूस, चांगला ओळखीचा. मला पाहून त्याला हायसे वाटले, तेही मला मिटल्या पापण्यांतून दिसले, कारण पापण्या मी पुऱ्या मिटल्या नव्हत्या.

"दादा, सुईनबाय कुटं गेली? घराला कुलूप हाय. बायको अडलीय माजी, पहाटंपासून. आयस एकटी हाय तिच्याजवल."

मी गप्प.

"दादा, अवो!"

"अरे, त्यांचे मौन आहे," पेन्शनर म्हणाले. "त्यांना काय विचारतोस? आम्हाला ठाऊक नाही बाबा. सुतारआळीत बघ जा."

तो खाली बसला. माझ्या पायांशी हात टेकून म्हणाला, "नका बोलू. मोडू नका तुमचं. निस्तं बोट दावा. वर गेली का खाली, येवढंच."

जप करताना तर्जनी माळेला लावायची नसते. माझी तर्जनी मोकळी होती. ती हलवायची होती, एवढेच. मी त्या क्षणी कोणाचा विचार करत होतो? त्या बाईचा नाही. देवाचाही नाही. दुसऱ्याच सोमवारी मोडले म्हणून हे पेन्शनर आळीभर सांगतील, आणि संध्याकाळी पत्नी वाटीत तूप वाढताना कशी हसेल, ते मला दिसत होते. ते दोघे पायरीवर नसते तर मी बोट दाखवले असते, कदाचित उठून बरोबरही गेलो असतो. हे मी देवाशपथ सांगतो, आणि माझ्या अपराधाचा गाभा हाच आहे. मी पापण्या पुऱ्या मिटून घेतल्या. तो गेल्याचे मला चिखलात पावले वाजली त्यावरून कळले.

"वाः!" पेन्शनर हळूच म्हणाले. "याला म्हणतात निष्ठा."

पुढे काय झाले ते चार दिवसांनी सुईणीने माझ्या पत्नीला सांगितले. मी आत माजघरात बसून ऐकत होतो. तो माणूस सगळे गाव पालथे घालून शेवटी एका भिश्त्याकडून पत्ता काढून तिच्यापर्यंत पोचला. तोवर ओहोटी लागून होडी चिखलात रुतली होती. पाणी चढेपर्यंत दोघे काठावर बसून राहिली. पलीकडे पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि बाई सासूच्या हातावर मोकळी झाली होती. मुलगी चांगली होती. बाईचे रक्त फार गेले होते. "हाडापेरानं चिवट म्हनून वाचली," सुईण म्हणाली. "मी दोन घटका आधी पोचते तर इतकं होऊ देते का?"

मला कोणी काही विचारले होते हे तिला ठाऊक नव्हते. पत्नीला एवढेच कळले होते की कोणी माणूस आला, काही विचारू लागला आणि यांनी मौन मोडले नाही. मी डोळे मिटून जपात होतो, तेव्हा सुईणीचे बोलणे माझ्या कानी पडलेच नसेल, असे तिने धरले. तिने धरले, मी धरू दिले.

त्याच श्रावणात आणखी एक गोष्ट घडली. ती हसण्यासारखी आहे, पण माझ्या मनातून ती कधी गेली नाही. शेवटच्या सोमवारी त्याच ओवरीत एका गांधीलमाशीने माझ्या करंगळीला दंश केला. "आई गं! मेलो!" असा मी ओरडलो की देवळातली कबुतरे उडाली. पेन्शनर तिथे होतेच. त्यांनी जरा विचार केला आणि निवाडा दिला, "ते बोलणे नव्हे. वेदना आपोआप बोलली. व्रत अभंग आहे." मलाही तो निवाडा तत्काळ पटला. संध्याकाळी पत्नीने बोटाला चुना लावला तेव्हा मात्र मनात आले, माझी करंगळी दुखली तर तिला तोंड उघडायला माझी परवानगी लागली नाही. ती माझी होती. खाडीपलीकडे एक बाई पहाटेपासून ओरडत होती, तिचे ओरडणे एक माणूस धावत माझ्यापर्यंत घेऊन आला, आणि त्याला माझ्या तोंडात जागा मिळाली नाही. ती माझी नव्हती. रोज सकाळी मी पोथीत वाचत असे की सर्वांच्या ठायी एकच चैतन्य आहे. वाचताना माझा आवाज भरून येई. ते चैतन्य माझ्या कातडीपाशी येऊन थांबते, असे पोथीत कुठे लिहिलेले नव्हते. ती भिंत माझीच होती.

हे कळले, पण कळून मी काही केले नाही.

कार्तिकात देवळाचा उत्सव असतो. तिसऱ्या प्रहरी कीर्तन होते. त्या वर्षी ठाण्याहून हरिदास आले होते. गोड गळ्याचे, भोळे गृहस्थ. पेन्शनरांनी त्यांना माझी गोष्ट आधीच सांगून ठेवली असली पाहिजे. उत्तररंगात निष्ठेचा विषय आला तेव्हा ते झांज थांबवून म्हणाले, "पुराणातले दाखले कशाला? तुमच्याच गावात एक सत्पुरुष बसला आहे!" मग त्यांनी ती दुपार वर्णिली. देवाने भक्ताची परीक्षा पाहण्यासाठी संकटात सापडलेला माणूस कसा धाडला, भक्त कसा ढळला नाही, आणि त्या तपाच्या बळाने तिकडे अडलेली बाई कशी सुटली! लोकांनी टाळी दिली. मी मान खाली घातली. ती लाजेने गेली असे म्हणायला आवडले असते, पण विनयी दिसण्यासाठी कशी घालावी तशीच मी ती घातली होती.

मान वर केली तर दीपमाळेपाशी तो शेतकरी उभा. बायको वाचली म्हणून नारळ फोडायला आला होता. आता हा काय बोलेल? कीर्तन संपून बुक्का लावणे चालू झाले तेव्हा तो गर्दीतून पुढे आला आणि सगळ्यांदेखत त्याने माझ्या पायांवर डोके ठेवले.

"मला ठावं नवतं, दादा," तो म्हणाला. "मी त्या दिशी मनातल्या मनात तुमाला लई शिव्या दिल्या. तुमच्या तपानच वाचली माजी बाय."

तेव्हा बोलायला हवे होते. मौन नव्हते, सोमवार नव्हता, काही नव्हते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "सगळी त्याची कृपा."

त्यानंतर दर श्रावणात तो आमच्याकडे घरच्या वेलाची एक मोठी काकडी, तवसे, आणून देई. पत्नी ते किसून गुळाचे धोंडस करी. गावात मला मौनीबुवा म्हणू लागले. वखारीचे मालकसुद्धा माझ्याशी आवाज न चढवता बोलत. ती वर्षे वाईट गेली असे मी म्हटले तर खोटे होईल. नातवंडे झाली, पाऊसपाणी बरे होते, संध्याकाळी ओवरीत चार माणसे माझ्याभोवती बसत आणि दया, क्षमा, अहंकार या विषयांवर मला प्रश्न विचारत. मी चांगली उत्तरे देत असे. एकदा मी म्हणालो होतो, भरती येते तेव्हा ती आपल्या घाटाला वेगळी आणि पलीकडच्या गावाला वेगळी येत नाही, एकच पाणी साऱ्या खाड्यांतून चढते, तसे माणसाचे सुखदुःख. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला आठवत होते की एका ओहोटीला एक होडी माझ्यामुळे रुतली होती. आठवण आतून बोचत होती आणि वरून मी सुखी होतो. माणसाला दोन्ही एका वेळी जमते, हे मी अनुभवाने सांगतो.

मग एका श्रावणी सोमवारी तो बायकोला घेऊनच आला. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. उंच, सावळी, जरा फिकट. पुन्हा दिवस गेलेले. तो तवसे माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "दादा, आयस गेली औंदा. घरात बाईमानूस कोनी नाय. दसऱ्याच्या पुढंमागं हिचं हाय. तवा तुमी दोन दिस मौन धरा आमच्यासाटी. निरोप धाडीन. मंग आमाला कसलं भ्या नाय."

बायकोने वाकून नमस्कार केला. वाकताना तिने एक हात कमरेला धरला होता.

माझे काष्ठमौन होते. पायरीवर पेन्शनर होते, आता थकलेले, काठी घेऊन. आणि मी, लाजेने लिहितो, पुन्हा गप्प बसलो. माझे गप्प बसणे त्या दोघांनी होकार म्हणून घेतले. आनंदाने गेली.

संध्याकाळी उपास सोडताना पत्नी म्हणाली, "आज सुईण भेटली होती. तिने त्या बाईला सांगितले, शेवटचा महिना माझ्या घरी येऊन राहा, पहिल्या खेपेला मरता मरता वाचलीस. तर नवरा म्हणतो, गरज नाही, मौनीबुवा आहेत." ती हसायला लागली आणि मग थांबली. "हसण्यासारखे नाही हे. तुम्ही काही सांगणार की नाही त्याला?"

"त्या दिवशी मला ठाऊक होते," मी म्हणालो.

"काय?"

"सुईण कुठे होती ते. तळ्यामागे, चिंचेसमोरचे घर. तिने तुला सांगितले ते मी ऐकले होते."

तिच्या हातात तुपाची वाटी होती. ती तिने खाली ठेवली.

"आणि इतकी वर्षे मी तुम्हाला त्याच्या तवशाचे धोंडस करून घातले. कसे गिळवले हो?"

"गोड लागत होते," मी म्हणालो. ते खरे होते.

"बरे झाले, निदान आज खरे बोललात," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "उद्या पहिल्या होडीने जा."

"उद्या वखारीत..."

"वखार मला सांगू नका."

वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहू नये म्हणून इथेच सांगतो. त्या बाईचे पुढे सगळे सुखरूप झाले. ती सुईणीच्या घरी येऊन राहिली, तिथेच बाळंत झाली, मुलगा झाला, माझी पत्नी रोज तिला भात आणि तूप देऊन येत असे. ओवरीतली माझी माणसे हळूहळू पांगली. मौनीबुवा हे नाव मागे पडले, आणि आता मी पुन्हा नुसता वखारीतला कारकून आहे. सोमवारी बोलतो. झोप चांगली लागते. पण मला शेवट त्या सुखाने करायचा नाही, कारण ते सुख माझ्या हातचे नव्हते. माझ्या हातात एक मंगळवारची सकाळ होती.

मी पलीकडे उतरलो तेव्हा पावसाची उघडीप होती. तो घरामागच्या शेताचा फुटलेला बांध घालत होता आणि ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला पाहून तो चिखलाच्या हातांनी धावत आला. "अवो दादा, तुमी कशाला आलाव? निरोप धाडायचा व्हता!" त्याने घोंगडी अंथरली. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा बुवा झालो असतो.

वाटेत होडीत मी बरीच वाक्ये जुळवली होती. त्यांतले एकही आठवेना. मी त्याला म्हणालो, "तू पहिल्या खेपेला मला विचारायला आलास, तेव्हा सुईण कुठे आहे ते मला ठाऊक होते."

तो हसला. "नाय, दादा. ठावं असतं तर तुमी सांगितलं असतंत."

त्याच्या या विश्वासाइतके मला आजवर कशाने मारले नाही. मी पुन्हा सांगितले. घर सांगितले, चिंच सांगितली, ती माझ्या पत्नीला ओरडून काय म्हणाली तेही सांगितले. तो हळूहळू गंभीर झाला. मग माझ्याकडे पाठ करून खाडीकडे पाहत उभा राहिला.

बोलली ती त्याची बायको. सूप मांडीवरून खाली ठेवून ती म्हणाली, "म्हंजे मी वरडत व्हते, तवा तुमी तितं बसलेलाव?"

"हो."

"ठावं असून?"

"हो."

"मंग मी वाचली ती कोनाच्या तपान?"

"तुमच्या सासूच्या हातांनी वाचलात. आणि स्वतःच्या बळाने. माझ्या मौनात काही नव्हते, बाई. कधीच नव्हते. त्याच्या भरवशावर या खेपेला इथे एकट्या राहू नका. सुईण बोलावते आहे, तिच्याकडे या."

ती माझ्याकडे एकटक पाहत होती. रागाने की दयेने, ते मला अजून सांगता येत नाही. तोही आता वळला होता. दोघांची तोंडे एकदम माझ्यासमोर आली, आणि मी हात जोडले.

"मला ठाऊक होते आणि मी सांगितले नाही. शेजारी हसतील म्हणून सांगितले नाही. नंतर तुम्ही पाया पडलात, तेही मी घेतले. मी चुकलो. मला क्षमा करा, तुम्ही दोघांनीही."